बाईंचं ‘नाही’

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे उभं राहून पुटपुटावं एवढी भाविक मी कधीच नव्हते, त्यामुळे तिथेही नाही. तुम्हाला का सांगते आहे ते मलाही नीटसं ठाऊक नाही — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. फक्त एक करा. वाचताना मध्येच माझी कीव करायला लागू नका. कीव करणारी माणसं मला आवडत नाहीत. खरं तर मला माणसंच फारशी आवडत नाहीत, आणि या गोष्टीचं मूळ तिथेच कुठेतरी आहे.

माझा धंदा फाइली लहान करण्याचा. लालबागला मसाला कुटून देणाऱ्याच्या शेजारी माझा गाळा आहे. दोन कॉम्प्युटर, एक एसी आणि भिंतीपलीकडून दिवसभर धप धप. कुणी लग्न शूट करून आणतं, कुणी भजन, कुणी मंडळाची आरती लाइव्ह दाखवायला बोलावतं. कॅमेऱ्यातून निघालेली फाइल अवाढव्य असते. तशीच वेबसाइटवर टाकली तर फोनवर नुसतं चक्र फिरत राहील. म्हणून मी ती दाबते, तिचे चार-सहा सेकंदांचे तुकडे करते. फोनला रेंज असेल तसे ते तुकडे एकामागून एक पोचतात आणि बघणाऱ्याला वाटतं सलग चाललंय. याला एन्कोडिंग म्हणतात. आणि दाबणं म्हणजे काय? टाकून देणं. डोळ्याला जे जाणवणार नाही ते टाका, कानाला जे जाणवणार नाही ते टाका. लोकांना वाटतं हे सगळं मशीन ठरवतं. मशीन काय ठरवणार, कपाळ. मी ठरवते.

पंचवीस वर्षं हे केल्यावर लोकांच्या कानांविषयी माझं मत काय झालं असेल? कान म्हणजे चष्मा अडकवायची जागा. आरती लाइव्ह चालू असताना आवाज फाटून चिंध्या झाल्या तरी एक माणूस बोलत नाही. चित्र दोन सेकंद थबकलं की ‘अडकतंय, अडकतंय’ म्हणून पन्नास मेसेज. नवऱ्या मुलाचा बाप येतो, ‘एकदम एचडी पाहिजे’ म्हणतो, आणि मग तडा गेलेल्या फोनवर, स्पीकरच्या भोकावर स्वतःचाच अंगठा ठेवून बघतो. अशांसाठी मी जीव काढायचा? सुरुवातीला काढायचे. मग सोडून दिलं. कुणाला फरक कळत नाही — हे एकदा समजलं की माणूस हळूहळू कामचुकार होतो, आणि त्या कामचुकारपणाला अनुभव म्हणायला लागतो.

मी मुद्द्याकडे येत नाहीये. कळतंय मला.

आमची शाळा भोईवाड्यात होती. मराठी माध्यमाची. पट कमी झाला आणि ती बंद पडली. बंद पडत होती तेव्हा एकाही माजी विद्यार्थ्याने तोंड उघडलं नाही. पडल्यावर मात्र सगळ्यांना एकदम गहिवरून आलं. माजी विद्यार्थी मंडळ निघालं, व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि जुने वर्गफोटो. स्वतःची पोरं सगळ्यांनी इंग्रजी शाळेत घातलेली. या मंडळाचा सेक्रेटरी सावंत. माझ्यापेक्षा तीन वर्षं पुढे होता. विमा कंपनीत नोकरी, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि कुठल्याही बैठकीत ‘आपण समाजाचं देणं लागतो’ हे वाक्य. त्याच्या डोक्यात आलं की तोडणकरबाईंकडून दहावीचं सगळं गणित रेकॉर्ड करून घ्यायचं आणि मंडळाच्या वेबसाइटवर फुकट टाकायचं. ज्यांना क्लास परवडत नाही त्यांच्यासाठी. चाळीस धडे. एन्कोडिंग कोण करणार? मी. सेवा म्हणून.

मी हो म्हटलं. मनातून नव्हे. मंडळात दोन हॉलवाले होते, एक कॅटरर होता, त्यांच्याकडून मला कामं यायची.

तोडणकरबाई तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या. लग्न केलेलं नव्हतं. भोईवाड्याच्याच एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या, आणि संध्याकाळी आजूबाजूची आठ-दहा मुलं त्यांच्याकडे पाटी-वही घेऊन बसायची. शाळेत असताना त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही. उत्तर चुकलं की त्या ‘परत बघ’ म्हणायच्या आणि थांबायच्या — तुमची चूक तुम्हाला सापडेपर्यंत अख्खा वर्ग थांबायचा. मला ते थांबणं सहन व्हायचं नाही. छडी बरी, असं वाटायचं.

रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी मी माइक लावायला गेले. वाचनालयाचा हॉल होता, फळा भाड्याने आणलेला. बाईंच्या पदराला छोटा माइक लावताना त्यांनी विचारलं, “तू कुठल्या बॅचची गं?”

मी नाव सांगितलं, वर्ष सांगितलं. दहावीला गणितात वर्गात दुसरी आले होते, तेही सांगितलं — का सांगितलं असेन?

बाई हसल्या. “नाही गं आठवत. रागावू नकोस. इतकी मुलं झाली.”

“छे हो बाई,” मी म्हटलं.

पण मी रागावले. पन्नाशीला आलेली बाई मी, गाळा आहे, नाव आहे, आणि माझ्या शाळेतल्या बाईंना मी आठवत नाही म्हणून मनात खुट्ट झालं. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. उलट आहे. एवढं क्षुद्र कारण असू शकतं, हे तुम्हाला दिसावं म्हणून सांगते आहे.

महिन्याभराने सावंतने सगळं रेकॉर्डिंग एका डिस्कवर आणून दिलं. मी पहिला धडा लावला. मागे पंख्याची घरघर, खाली रस्त्यावरचे हॉर्न, समोरच्या घरातल्या कुकरची शिट्टी. हे साफ करायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे धडा न् धडा हेडफोन लावून ऐकायचा आणि जागच्या जागी हाताने दुरुस्त करायचा. दुसरी म्हणजे गेट लावायचं. गेट म्हणजे आवाजाचं दार. तुम्ही एक पातळी ठरवून देता. आवाज तिच्या वर असला की दार उघडं, खाली गेला की बंद. माणूस बोलतो तेव्हा उघडतं, गप्प झाला की मिटतं, आणि पंखा-बिंखा सगळा बाहेर राहतो. अर्ध्या मिनिटाचं काम.

मी पहिल्या धड्याचं पहिलं मिनिट ऐकलं. बाई कॅमेऱ्याकडे तोंड करून, सावकाश, खणखणीत बोलत होत्या. त्यावरून मी पातळी ठरवली, चांगली चढी ठेवली — पंख्याचा कण उरायला नको. तीच पातळी चाळीसही धड्यांना लावली, बटण दाबलं, गाळ्याला कुलूप घातलं आणि बहिणीकडे ठाकूरद्वारला जेवायला गेले. सुरमई होती. चाळीस धड्यांपैकी मी ऐकलं किती? एक मिनिट. मंडळाचं काम, फुकटचं, त्यात गणित — कोण ऐकणार आहे? असंच म्हटलं होतं मी. बहिणीपाशी, हसत.

आता बाईंची एक लकब होती. वाक्य संपता संपता त्या फळ्याकडे वळायच्या. पाठ कॅमेऱ्याकडे, मान तिकडे, पदरावरचा माइक इकडे, आणि दम कमी झालेला. शेवटचा शब्द हळू व्हायचा. हळू, पण स्पष्ट. तो शब्द माझ्या दाराबाहेर राहिला. मराठीत वाक्याच्या शेवटी काय असतं? बहुतेक वेळा ‘आहे’ असतं. ‘आहे’ गेलं तर कुणाचं काही अडत नाही, ऐकणारा आपल्या मनाने घालून घेतो. पण कधी कधी तिथे ‘नाही’ असतं.

वेबसाइटवर टाकण्याआधी बाईंनी एकदा बघावं म्हणून मी टॅब घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. त्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून बसल्या आणि दोन धडे बघितले. “पंखा कुठे गेला गं?” म्हणाल्या. खूश झाल्या. त्यांना काही खटकलं नाही, आणि कसं खटकणार? आपण बोललेलं वाक्य आपल्याला पुरतंच ऐकू येतं.

धडे लागले. मुलं बघायला लागली, सावंत रोज ग्रुपवर आकडे टाकायला लागला. पाच-सहा आठवडे बरे गेले. मग परळच्या एका क्लासवाल्याने — स्वतःचा फोटो होर्डिंगवर लावणाऱ्या त्या जातीतला एक — बाईंची तीन वाक्यं कापून एकापुढे एक जोडली. शून्याने कधीही भागायचं. ऋण चिन्ह विसरायचं. आकृती नुसती बघून उत्तर लिहायचं. वर हसण्याचा आवाज, आणि खाली मजकूर: फुकटच्या शिकवणीत हेच मिळतं.

तुम्ही हसलात का? माझ्या माहितीतले सगळे हसले. ते लालबागपासून गिरगावपर्यंत फिरलं. ज्यांना भागाकार येत नाही तेही हसले. बाईंच्या हाताखाली शिकून अकाउंटंट झालेले, ग्रुपवर रोज गुलाब टाकणारे — त्यांनी आधी हसणाऱ्या चेहऱ्यांच्या रांगा टाकल्या, मग सावंत रागावल्यावर पुसल्या. एकालाही ऐकू आलं नाही की प्रत्येक वाक्यानंतर आवाज सुरीने कापल्यासारखा तुटतोय, की तिथे अशी शांतता आहे जी या मुंबईत कुठल्याही हॉलमध्ये असूच शकत नाही. कान असता तर कळलं असतं. मला कळलं.

सावंतचा फोन आला त्या सकाळी मी मूळ डिस्क लावली आणि हेडफोन घातले. सहावा धडा. पंखा, हॉर्न, आणि त्यामागे बाई, फळ्याकडे वळलेल्या: “शून्याने कधीही भागायचं नाही.” नंतर अकरावा. नंतर एकोणिसावा. तिन्ही ठिकाणी ‘नाही’ होतं. मी ते पाच-सहा वेळा ऐकलं. संशयाला जागा नव्हती. म्हणजे दुपारी बाईंच्या खोलीची पायरी चढताना मला सगळं ठाऊक होतं — हे लक्षात ठेवा.

सावंत आधीच येऊन बसला होता. बाईंच्या मांडीवर कुणाचा तरी फोन होता आणि त्या ती तीन वाक्यं परत परत लावत होत्या. रडत नव्हत्या. वहीतलं गणित तपासावं तशा बघत होत्या.

“मी असं म्हटलं?” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

सावंतने घसा साफ केला. “बाई, आपण असं करू. टेक्निकल प्रॉब्लेम झाला म्हणून टाकून देऊ. लोक दोन दिवसांत विसरतात.” आणि माझ्याकडे बघून त्याने डोळा बारीक केला — सांभाळून घे, अशा अर्थी.

बघा. त्याने खरं तेच सांगितलं होतं. त्याला ते खोटं वाटत होतं, बाईंच्या म्हातारपणावर घातलेलं पांघरूण वाटत होतं, पण शब्द न् शब्द खरा होता. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. माझी चूकसुद्धा कबूल करावी लागली नसती. टेक्निकल प्रॉब्लेमला कुणी नाव विचारत नाही.

पण पंचवीस वर्षं हे दोन शब्द मी ऐकत आले होते. नवरीचं तोंड काळं दिसलं, टेक्निकल प्रॉब्लेम. गायक बेसूर गायला, टेक्निकल प्रॉब्लेम. ज्यांना प्लग आणि सॉकेटमधला फरक कळत नाही, अशा प्रत्येक माणसाने आपली घाण माझ्या दारात टाकताना हेच म्हटलेलं. आणि आता हा सावंत, दोन पेनांचा, मला डोळा मारून सांगणार की तुझं काम बिघडलं असं म्हण? माझ्या कपाळावर आठी आली असणार. कारण बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, “होता का गं, टेक्निकल प्रॉब्लेम? तू मूळ रेकॉर्डिंग ऐकलंस?”

“ऐकलं बाई,” मी म्हणाले. “तसंच आहे. मूळमध्येही तसंच आहे.”

झालं. एवढंच. याच्याभोवती मी इतकी पानं घुटमळले.

भीती होती का? होती — बोभाटा झाला असता, हॉलवाल्यांनी कामं दिली नसती. पण भीती एकटी असती तर मी अडखळले असते. मी अडखळले नाही. माझा आवाज थंड होता, जाणकाराचा होता, आणि — हे लिहिताना पेन थांबतंय — मला बरं वाटलं. ज्या बाईसमोर आम्ही सगळे आपली चूक सापडेपर्यंत उभे राहायचो, ती माझ्या तोंडाकडे बघत होती, स्वतःची चूक मला विचारत होती. क्षणभरच. पण वाटलं बरं.

बाईंनी मांडीवरचा फोन बंद करून बाजूला ठेवला. मग सावंतला म्हणाल्या, “मग तसं लिहायचं नाही. मुलांशी खोटं नको.”

“अहो पण बाई—”

“नको म्हटलं ना. मी सांगते ते लिही.” हे मला.

मी फोन काढला. त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं: पाठ सहा, अकरा आणि एकोणीस यांत माझ्याकडून चुकीची विधाने झाली आहेत. विद्यार्थ्यांची मी क्षमा मागते. त्यांनी ते वाचून दाखवायला लावलं. ‘विधाने’मधली वेलांटी मी घाईत दीर्घ टाकली होती. ती सुधारून घेतली. खाली पूर्ण नाव घालायला सांगितलं. ते मी त्यांच्यासमोर बसून वेबसाइटवर चढवलं, माझ्या हाताने, आणि पानावर नीट दिसतंय ना ते तपासलंही.

त्यानंतर मी काय केलं ते ऐका, म्हणजे माझी किंमत कळेल. मी गाळा तीन दिवस बंद ठेवला आणि चाळीसही धडे पहिल्यापासून नव्याने केले. हेडफोन लावून, वाक्य न् वाक्य ऐकून, पंख्याचा आवाज हाताने खाली बसवून. एक शब्द जाऊ दिला नाही. इतकं चांगलं काम मी त्याआधी दहा वर्षांत केलं नव्हतं. गुपचूप बदलायचे होते जुन्या फाइलींच्या जागी, कुणाला न सांगता. आणि मग? मग कुणीतरी आपोआप ऐकेल, आपोआप म्हणेल की अरे, बाई बरोबरच बोलल्यात? चोरानेच चोरी उघडकीला यायची वाट बघत बसावी, तसला प्रकार. मी बदलले त्याच संध्याकाळी सावंतचा मेसेज आला: बाई म्हणतात सगळे धडे काढून टाका, आणखी कुठे चुका असतील, मुलांचं नुकसान नको. दुरुस्त केलेले धडे जेमतेम तीन तास लागलेले होते. मीच लावले, मीच उतरवले.

बाईंची थोरली बहीण कुडाळला होती. शेवटच्या वर्षांत तिला काहीच आठवत नव्हतं, स्वतःचं नावसुद्धा. तिचंही असंच सुरू झालं होतं म्हणे — बोलायचं एक, तोंडातून निघायचं दुसरं. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर? तर काय, मला नाही वाटत काही फरक पडला असता.

त्यांनी संध्याकाळची मुलं बंद केली. स्वतःहून. शेजारची बाई मुलाला घेऊन दारात उभी राहिली तेव्हा म्हणाल्या, मला आता माझा भरवसा वाटत नाही. मग त्या चिठ्ठ्या लिहायला लागल्या. गॅस बंद केला. दूधवाल्याला सांगितलं. दार लावलं. एकदा बोललेलं वाक्य त्या पुन्हा मनात घोळवायच्या आणि समोरच्याला विचारायच्या, मी आत्ता काय म्हटलं? असं माणूस दिवसातून वीसदा विचारायला लागलं की बघणारे काय समजणार? शेजारीण मला जिन्यात म्हणाली, “बाईंका आता काय आठवना नाय.” मी मान हलवली. मी मान हलवली, हे मला आजही नीट दिसतं.

भाची होती, मीनल नावाची, बदलापूरला राहणारी. ती त्यांना घेऊन गेली. डॉक्टरने तपासलं, वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाला. बाईंना ते पटलं नाही. खोलीला कुलूप लागलं.

वर्षभराने मी बदलापूरला गेले. सांगायला गेले होते. आधी मनात सगळी वाक्यं लावून ठेवली होती. बाई बाल्कनीत बसल्या होत्या, वाळल्या होत्या, पण मला बघताच त्यांनी नाव घेतलं. बॅचही सांगितली. या वेळी मी त्यांना आठवत होते, आणि का आठवत होते ते मला माहीत होतं. मीनल चहा करायला आत गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “त्या दिवशी तू होतीस म्हणून बरं झालं. सावंत मला खूश ठेवायला बघत होता. सगळेच तसे बघतात आता. तू तेवढी खरं बोललीस.”

मी काय केलं असेल? चहा आला, तो घेतला. मारीची दोन बिस्किटं खाल्ली. मीनलच्या मुलीला कितवीत आहेस ते विचारलं. आणि निघाले.

तुम्हाला वाटेल, त्या समाधानात होत्या, कशाला मोडायचं, असा मी विचार केला. नाही केला. विचार नंतर केला, परतीच्या वाटेवर, आणि तो मला फार सोयीचा वाटला म्हणून बरेच दिवस वापरला.

बाई गेल्या वर्षी गेल्या. झोपेतच गेल्या. मंडळाने दादरला एका छोट्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली, परदेशातल्या विद्यार्थ्यांसाठी ती लाइव्ह दाखवायचं माझ्याकडे आलं. मी केलं. मागे टेबलाशी हेडफोन घालून बसले. सावंत बोलायला उठला. बाईंच्या शिस्तीबद्दल बोलला, समाजाच्या देण्याबद्दल बोलला, मग आवाज हळवा करून म्हणाला की शेवटी शेवटी वयाने बाईंनाही गाठलं, आपल्याला तो शून्याने भागायचा किस्सा आठवत असेलच. लोक हसले. वाईट हसणं नव्हतं ते — प्रेमाचं होतं, ओल्या डोळ्यांचं, आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं. त्या हॉलमध्ये शंभरेक माणसं होती, त्यातली निम्मी तरी बाईंमुळे दहावी पास झालेली. बाईंची म्हणून त्यांच्यापाशी जी आठवण उरली होती, ती मी तयार केलेली होती. तिच्यावर त्यांना हसताना मी ऐकलं आणि ते हसणं लंडन-दुबईपर्यंत पोचवलं.

सभा संपल्यावर मी वायरी गुंडाळत होते. मीनल आली. म्हणाली, “ताई, मावशीचा आवाज कुठे असेल का हो? फोटो खूप आहेत. आवाज कुठेच नाही. ते धडे काढून टाकले ना सगळे.”

डिस्क माझ्या गाळ्यातल्या कपाटात होती. चाळीस धडे, पंख्यासकट. शिवाय मी हाताने साफ केलेले चाळीस. पण ते तिने ऐकले असते तर सहाव्या धड्याला पोचली असती. तिच्या घरात सगळ्यांना तो धडा माहीत होता.

“नाही गं,” मी म्हणाले. “तेव्हाच पुसलं सगळं.”

ती ‘बरं’ म्हणाली, आणि वायर गुंडाळायला तिनेही हात लावला.

सावंतला मी मूर्ख समजते. क्लासवाल्याला नीच समजते. ग्रुपवरच्या गुलाबवाल्यांविषयी काय वाटतं ते सांगितलंच आहे. पण त्यांच्यापैकी कुणालाच बाईंचं ‘नाही’ ऐकू आलं नव्हतं. मला आलं होतं, पाच-सहा वेळा, हेडफोनवर.

हे लिहून झाल्यावर मी ती डिस्क मीनलला नेऊन देईन, असं तुम्हाला वाटत असेल. तसं मी ठरवलेलं नाही. दिली नाही, एवढं खरं आहे. आज सकाळी गाळा उघडल्यावर कपाटही उघडलं होतं. ती होती तिथेच आहे.